तिसरा रकाना

१७ फेब्रुवारी, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस पार पडला! ही वही लुंबिनीने घेऊन दिलीय. म्हणाली, ताई, तू आता सायंटिस्ट झालीस, रोजचं लिहून ठेवत जा. सायंटिस्ट कसली, लॅब टेक्निशियन. पण गळ्यात ओळखपत्र आहे आणि त्यावर बुद्धप्रिया हे नाव एकही चूक न करता छापलंय. नाहीतर आजवर प्रत्येक कागदावर माझं नाव कुणी ना कुणी बिघडवलेलंच असतं.

काल लोह्याहून आले. पप्पांनी एसटीत पिशव्या चढवून दिल्या, आईने ज्वारीचं पीठ आणि कारळाची चटणी बांधून दिली. अहमदपूरला बस थांबली तेव्हा एकटीने उतरून चहा घेतला. बस सुटेल म्हणून घाईत प्यायले, जीभ भाजली, तरी मजा आली.

लुंबिनी लातुरात दोन वर्षांपासून आहे. मागच्या वर्षी नीटमध्ये थोडक्यात हुकली, यंदा परत बसणार. आता ती होस्टेल सोडून माझ्याजवळ राहणार. ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर पत्र्याची एक खोली घेतलीय. खाली घरमालकीण कस्तुराबाई राहतात. त्यांनी आडनाव विचारलं नाही, पाणी किती दिवसांनी येतं तेवढं सांगितलं. तिथेच मला खोली आवडली.

लॅब एमआयडीसीत आहे, दोन खोल्यांची. मालक महादेवप्पा सर उदगीरकडचे, साठीचे, कपाळाला भस्म, हळू बोलणारे. दुसरे रामलिंगमामा. अकरा वर्षांपासून इथे आहेत. प्लास्टिकचे तुकडे कापणं, तेल बदलणं, सगळं तेच बघतात.

आमच्याकडे पाइप, ठिबकच्या नळ्या, स्विचबोर्ड, मीटरच्या पेट्या यांचं प्लास्टिक येतं. ते किती उष्णता सोसतं ते आम्ही सांगायचं. यंत्र म्हणजे तेलाची एक टाकी. तुकडा तेलात बुडवायचा, त्यावर बोथट सुई टेकवायची, सुईवर वजन ठेवायचं आणि तेल हळूहळू तापवत न्यायचं. सुई ज्या तापमानाला एक मिलिमीटर आत जाते, तिथे ते प्लास्टिक हरलं. तो आकडा छापून येतो. झालं सर्टिफिकेट.

यंत्राला तीन जागा आहेत, त्यांना स्टेशन म्हणतात. तिसरं बंद आहे, त्याची सुईच काढून ठेवलीय. दोनावर काम भागतं. प्रिंटरला सुतळीने कात्री बांधलेली आहे. कागद आला की रामलिंगमामा उजवीकडची एक पट्टी कापून टोपलीत टाकतात. का ते विचारायचं राहिलं.

२० फेब्रुवारी

आज मामा सुट्टीवर होते, म्हणून कागद मीच काढला. पट्टी कशाची ते कळलं. तिसऱ्या स्टेशनचा रकाना आहे. रिकामा असायला पाहिजे, पण त्यात ४४.८ छापलं होतं.

सरांना दाखवलं. त्यांनी कागद घेतला, माझ्याकडे न बघता पट्टी कापली आणि सेन्सर खराब आहे असं सांगितलं. आजच्या पाइपचे आकडे मात्र छान आले. एक ८१.३, दोन ८१.१. पहिलं सर्टिफिकेट माझ्या सहीने गेलं. लुंबिनीला आइस्क्रीम खाऊ घातलं.

३ मार्च

काम हाताला बसलं. तिसरा रकाना आता मी गुपचूप बघते. आज ४७.१ होता. खराब सेन्सर उलटसुलट आकडे देतो. हा रोज थोडा थोडा चढतो, एकदाही खाली येत नाही.

लुंबिनी म्हणाली, तू चहा पाण्यासारखा गटागटा पितेस. मी म्हटलं, नोकरदार बायकांना फुरसत नसते.

१२ मार्च

कपाटात जुनी फाइल सापडली. माझ्या आधी इथे तनुजा नावाची मुलगी होती, भोकरची. तिने एकही पट्टी कापलेली नाही. सगळे कागद तारखेने लावलेत. तिसऱ्या रकान्यात सुरुवातीला ४५.२, मग पन्नास, साठ, नव्वद. शेवटच्या कागदावर १६३.४. त्यानंतर कागद नाहीत.

मामांना सकाळी विचारलं. मग जेवताना सांगितलं. तेलात एक सुई पडली होती. तेल तेव्हा एकशेतीसवर होतं. तनुजाने बाही वर केली, हात कोपरापर्यंत आत घातला, तळाशी चाचपून सुई काढली आणि टेबलावर ठेवली. हात फडक्याला पुसला. मग आकडा लिहायला बसली, तर पेन धरता येईना, कारण कातडी पेनाला चिकटून निघून राहिली होती.

मामा म्हणाले, "ती न्हाई ओरडली, मॅडम. मी ओरडलो."

मी भाकरी परत डब्यात ठेवली. आज तिसऱ्यात ५२.६ होता.

२५ मार्च

दोन आठवडे टाळलं. आज करून पाहिलं. मामा बाहेर गेल्यावर चंचुपात्रात पाणी तापत ठेवलं, त्यात तपासलेला थर्मामीटर लावला आणि बोट बुडवून बसले. पाणी कोमट, कोमट, कोमटच लागत होतं. मग एकदम चटका बसला आणि बोट आपोआप बाहेर आलं. थर्मामीटर ५८.२.

कागद काढला. तिसऱ्या रकान्यात ५८.२.

तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. बोटाला फोड आलाय. दुखत नाही.

म्हणजे पाइप एक नंबरवर असतो, पेटी दोन नंबरवर, आणि तिसऱ्यावर मी असते.

२७ मार्च

सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी टाचणी टोचली, कापूस फिरवला, कातडीवर चट्टे शोधले. टोचलेलं कळतं, कापूस कळतो, फक्त गरम कळत नाही, असं मी सांगितलं. महारोग नाही म्हणाले. जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि मोबाइल कमी बघायला सांगितलं.

सरांसमोर फाइल नेऊन ठेवली. त्यांनी ती उघडलीच नाही. हैदराबादहून इंजिनीअर बोलावतो म्हणाले. मी निघाले तेव्हा पाठीमागून सांगितलं की तनुजाच्या आधी रविकिरण म्हणून एक जण होता, त्याचंही असंच झालं होतं. मी विचारलं, तो आता कुठे असतो. सरांनी फाइल उचलून कपाटात ठेवली.

४ एप्रिल

इंजिनीअर येऊन गेला. यंत्र उघडलं तर तिसऱ्या स्टेशनची तार कुठेच जोडलेली नव्हती. कधीच नसावी, म्हणाला. सर्किटचा तो भाग काढून बॅगेत घातला. आता इथे काही छापणं शक्यच नाही, असं लिहून दिलं.

तो गेल्यावर पाइप लावला. एक ७९.८. दोन ८०.२. तीन ६६.९.

मामांनी कात्री घेतली. मी म्हटलं, राहू द्या.

घाबरायला पाहिजे होतं. थोडी घाबरलेही. पण पूर्वी छातीत धडधड व्हायची, तसं काही झालं नाही.

८ एप्रिल

तनुजाच्या घरी फोन केला. भावाने उचलला, त्याचं नाव बालाजी. आधी चिडला, लॅबवाल्यांनी परत फोन करायचा नाही म्हणाला. मी माझं सांगितलं तेव्हा नीट बोलला. त्याने सांगितलं, तनुजा दिवसभर अंगणात भर उन्हात बसते. कुणी उचलून आत नेलं तर येते. जेवायला मागत नाही. मागच्या महिन्यात आजी वारली, घरभर रडारड, आणि ही मयताशेजारी बसून मटकी निवडून राहिली होती.

मग त्याने तिला फोन दिला. आवाज अगदी साधा होता. हात बरा झाला म्हणाली, कातडी आली. मी विचारलं, मग अजून काय होतं? ती म्हणाली, काहीच होत न्हाई, तेच तर. मग तिनेच विचारलं, "तिसऱ्यात किती आलंय?"

एकाहत्तर, मी म्हटलं.

"शंभरच्या आत हाय तोवर निघून जा. शंभरानंतर जावंसं वाटत न्हाई."

परीक्षा ४ मेला आहे. एवढा महिना ही खोली सोडता येणार नाही, लुंबिनी कुठे जाईल? सरांना सांगून टाकलं, ५ मेपासून येणार नाही. त्यांनी बरं म्हटलं. लगेच म्हटलं.

१५ एप्रिल

कालची जयंती लोह्यात झाली. लुंबिनी अभ्यास सोडून आली नाही, मी एकटीच गेले. विहारात वंदना, दुपारी जेवणावळ, संध्याकाळी मिरवणूक. दरवर्षी ढोल सुरू झाला की माझ्या अंगावर काटा येतो. पप्पांचे डोळे भरतात, ते बघून माझे भरतात. काल ढोल वाजत होता आणि मी मोजत होते, एका मिनिटाला किती ठोके.

आईने चुलीवर वरणाचं पातेलं ठेवलं होतं. उतरव म्हणाली, मी उतरवलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग लक्षात आलं, हातात फडकं नव्हतं. तिने माझे तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "पोरी, तुला काय झालं? सांग की गं." मी म्हटलं, लॅबमध्ये सवय होते. ती माझे हात पाण्यात धरून रडली. मला तिचं डोकं दिसत होतं, पांढरे झालेले केस दिसत होते. तिला जवळ घ्यायला पाहिजे हे मला ठाऊक होतं. घेतलं. लाकडी खांबाला धरल्यासारखं घेतलं.

बसमध्ये बसल्यावर आठवलं, निघताना तिच्या पाया पडले नाही.

२१ एप्रिल

९४.०.

आज जायला हवं. आत्ता, आजच. लुंबिनीला घेऊन लोह्याला. तेरा दिवस तिकडे अभ्यास होणार नाही का?

तिला विचारलं. ती रडकुंडीला आली. सेंटर इथे, टेस्ट सिरीज इथे, मैत्रिणी इथे. "ताई, दोन वर्षं घातली मी. तेराच दिवस राहिलेत." मला समजावता आलं नाही. खरं म्हणजे मी फार प्रयत्नही केला नाही.

राहू.

२४ एप्रिल

१०३.६.

तनुजा म्हणाली होती तसं काही वाटत नाही. बरंच आहे. झोप छान लागते.

कूलरची मोटर जळाली. लुंबिनी म्हणते, आजच दुरुस्त करून आण. बघू.

२६ एप्रिल

कूलर राहिला. मला कूलरची गरज वाटत नाही. खोलीत बसल्यावर ना गरम होतं ना गार.

लुंबिनीची कुरकुर चालू आहे. पत्रा तापतो, डोकं धरतं, अक्षरं हलतात. वाचनालयात बसते म्हणाली. मी म्हटलं, येण्याजाण्यात वेळ जाईल, घरीच बस, एवढं काही ऊन नाही. तिने माझ्याकडे बघितलं, जसं आईने बघितलं होतं. मग म्हणाली, "त्रेचाळीस हाय बाहेर. तुला कळत न्हाई का?"

मोबाइलवर बघितलं. खरंच त्रेचाळीस.

कस्तुराबाईंनी वर येऊन तिला कांद्याचा रस आणि कैरीचं पन्हं दिलं. मला म्हणाल्या, पोरीला खाली माझ्या खोलीत बसू दे. हो म्हटलं. मग विसरले.

२८ एप्रिल

१२८.

मामांनी टाकीवर जाळी बसवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. माझ्या हातांकडे बघत होते. उद्यापासून तुकडे मीच लावतो म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रडत असावेत. खांदे हलत होते.

३० एप्रिल

लुंबिनी म्हणाली, अंग कणकण करतंय, ताई, ताप बघ. कपाळावर हात ठेवला. काही नाही म्हटलं. अभ्यास कर.

ती म्हणाली, ठेव ना नीट. नीट ठेवला. काही नाही.

संध्याकाळी कस्तुराबाईंनी हात लावला आणि ओरडल्या. गोळी दिली. त्या उद्या लग्नाला नांदेडला जाणार, चार दिवसांनी येतील. मला चारचारदा सांगितलं, पाणी पाज, ओलं फडकं ठेव, खालची किल्ली ही घे.

किल्ली खिडकीत आहे.

१ मे

सुट्टी. घरी.

दोघी खोलीत. ती दिवसभर पडून. मी समोर बसून. वेळ कसा गेला कळलं नाही. पाणी संपलं होतं, तिने तीनदा मागितलं. तिसऱ्यांदा मी उठले.

आईचा फोन आला. सगळं ठीक, म्हटलं. खोटं बोलावं असं मनात नव्हतं. तसंच वाटलं.

२ मे

यंत्र तीनशेपर्यंत गेलं. एक ८०.४. दोन ८०.९. तीनमध्ये आकडा आला नाही. आडवी रेघ आली.

मामा म्हणाले, घरी जा मॅडम, बहिणीला घेऊन गावाकडं जा, मी गाडी बघतो. हो म्हटलं. मग पुढचा तुकडा मागितला.

३ मे, दुपार

वीज गेली. लॅब बंद. तीनला घरी.

लुंबिनी जमिनीवर. पुस्तकं बाजूला. डोळे अर्धे उघडे. हाक मारली तर काहीतरी बोलली. सूत्र असावं किंवा आईचं नाव. शब्द जुळत नव्हते. घाम नाही. अंगातला ड्रेस कोरडा. ओठ फुटलेले. माठ रिकामा.

लिहून ठेवते.

३.१० – श्वास भरभर.

३.१४ – हाक मारली. मान हलली.

१०८ ला फोन करायला पाहिजे. करते. एवढं लिहून.

३.१९ – थरथरली. हातपाय ताठ. मग सैल.

पत्रा कडकड वाजतोय. खाली कुणी नाही. गल्लीत कुणी नाही.

मला माहीत आहे हे काय आहे. माहीत आहे मी काय करायला पाहिजे. सगळं माहीत आहे. फक्त –

३.२७ – १०८ ला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. गाडी निघालीय म्हणते. बाई विचारतेय, पेशंट शुद्धीत आहे का. नाही. श्वास आहे का. बघते. छाती हलतेय, की माझाच हात –

बाई म्हणते, अंगाला हात लावून सांगा. गरम आहे का गार पडलंय.

लावलाय. कपाळाला. मग गळ्याला. मग कुर्त्याच्या आत, छातीवर.

परत विचारतेय. मॅडम, गरम का गार? लवकर सांगा, मॅडम.

लुंबिनी, मला सांग. तूच सांग. दोन्ही हात ठेवून पाहिले मी. गाल ठेवून पाहिला. गरम की

गर